मोहोराऐवजी पालवी

“आज तुला तोडतोच!” मी कोयता उगारून अंगणातल्या हापूसवर इतका ओरडलो, की खाडीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. फळ न धरणाऱ्या झाडाला असा दम द्यायची आमच्याकडे रीत आहे. घरातल्या दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, “सोडा, पुढल्या वर्षी धरेल.” ते काम आमच्या हिचं.

पण माझा राग रीतीपुरता नव्हता. माघ सरत आला, शेजाऱ्याचा आंबा मोहोराने पांढरा झालाय आणि आमच्या महाशयांना फुटलीय पालवी. तीही तांबूस, लुसलुशीत, उन्हात अशी चमकणारी की हातातला कोयता विसरावा. खरा संताप त्याचाच. माझं नुकसान इतकं देखणं असायचं काही कारण नव्हतं. थंडी येते, पानं गळतात, झाड त्याला हवं ते करतं. चाळीस वर्षांत माझी परवानगी एकानेही मागितलेली नाही.

मी पुन्हा गरजलो. ही पायरीवर तांदूळ निवडत बसलेली. ती गप्प राहिली तर मला खरोखर घाव घालावा लागणार होता.

“अगो, म्हण की,” मी हळूच म्हणालो.

“गेल्या वर्षी वाकेस्तोवर दिलंन त्याने. दमलाय,” ती मान वर न करता म्हणाली. “कोयता इकडे आणा, नारळ सोलायचेत.”