सुमेधा मॅडमसाठी पान्सित

भाविका घरत शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहणात काही पाळायचं नसतं, आडवं जाणारं मांजर त्याच्या कामाला निघालेलं असतं, हे ती वर्गात इतकं ठासून सांगते की पोरं घरी जाऊन आजीशी वाद घालतात. आणि हीच बाई त्या बुधवारी सकाळी, करंजाड्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये, नूडल्स तुटू नयेत म्हणून देव पाण्यात घालून बसली होती. माणसाचं असंच असतं. जीव लागला की शास्त्र जातं बाजूला.

जीव लागला होता सुमेधा मॅडममध्ये. गणिताच्या सुमेधा सामंत कॅन्सरच्या उपचारांनंतर त्या दिवशी पहिल्यांदा शाळेत येणार होत्या. भाविका नोकरीला लागली तेव्हा आठवीचा वर्ग तिला जुमानत नसे. सुमेधा मॅडम काही न बोलता रोज वह्या तपासायच्या निमित्ताने शेवटच्या बाकावर येऊन बसायच्या. वर्ग आपोआप चिडीचूप. भाविकाला जम बसल्यावर एक दिवस त्या आल्याच नाहीत, आणि ही गोष्ट त्यांनी स्टाफरूममध्ये कधी काढलीही नाही. असं उपकाराचं ओझं न देणारं माणूस विरळाच.

पान्सित आलं ते नवऱ्यामुळे. केतन मालवाहू जहाजावर असतो. तिथला स्वयंपाकी फिलिपिनो. कुणाचाही वाढदिवस आला की तो पान्सित करतो: तांदळाच्या बारीक नूडल्स, कोबी, गाजर, फरसबी, कोळंबी, सोया सॉस, वरून लिंबू. अट एकच, नूडल्स मोडायच्या नाहीत, कापायच्या नाहीत. जितकी लांब नूडल, तितकं लांब आयुष्य. मागच्या सुट्टीत केतनने तिकडच्या नूडल्सची पाकिटं आणली होती. ती भाविकाने या दिवसासाठी राखून ठेवली. आदल्या दिवशी स्टाफच्या ग्रुपवर तिने दवंडीही पिटली, "उद्या सुमेधा मॅडमसाठी लांब आयुष्याचं पान्सित. नूडल तोडणाऱ्याला वाढणार नाही." त्यावर पीटीच्या आशुतोष सरांनी विचारलं, "मग काय टेबलावर उभं राहून खायचं?"

बुधवार, म्हणजे मासळी खायचा वार. सासूबाईंनी, गोजराबाईंनी, उरणहून भावाकडून कोळंबी मागवली होती आणि पहाटेच सोलून ठेवली होती. भाविका आंघोळ करून, साडी नेसून ओट्याशी आली आणि पातेल्यात बघून मटकन स्टुलावर बसली. सगळ्या पाकिटांतल्या नूडल्स बोटाबोटाएवढ्या मोडून भिजत पडल्या होत्या.

"आई! हे कुणी केलं?"

"मीनीच. काय झाला गो?" गोजराबाई कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाल्या. "शेवया काय अख्ख्या घालतान का कुनी? आनि ती बाई आजारातून उठलेली हाय. औषदानी तोंड आलेला असंल तिचा. लांब लांब वढीत बसंल का ती?"

जन्मभर खिरीच्या शेवया मोडलेल्या त्या हातांना काय बोलणार? सासूबाईंना तिने लांब आयुष्याचं सांगितलंच नव्हतं. ग्रुपवर सगळ्या जगाला सांगितलं, घरात सांगायचं राहिलं. कपाळाला हात लावायलाही वेळ नव्हता. तिने कढई ठेवली, लसूण परतला, आणि सगळं रीतसर केलं. वास असा सुटला की शेजारची ईश्वरी दार उघडून बघून गेली. पण भाविकाच्या डोक्यात एकच प्रश्न. लांब आयुष्य म्हणून बोलावून आजारी माणसासमोर तुकडे ठेवायचे? स्कूटीच्या पुढ्यात डबा ठेवून ती शाळेत पोचली, ती जणू पेपर कोरा देऊन आल्यासारखी.

मधल्या सुट्टीत सुमेधा मॅडम डोक्याला निळा स्कार्फ बांधून टेबलाशी बसल्या. वाळल्या होत्या, पण डोळे तेच, शेवटच्या बाकावरचे. भाविकाने झाकण काढलं. आशुतोष सरांनी उत्साहाने काटा घातला, उचलला, आणि नको तेच बोलले.

"अरे! लांब आयुष्य कुठे गेलं?"

बोलल्यावर सरांच्या लक्षात आलं, त्यांनी काटा खाली ठेवला. भाविकाला वाटलं, सांगावं की पाकिटातच तुटल्या. पण या बाईशी खोटं बोलवेना.

"मॅडम, सासूबाईंनी मोडल्या. त्यांना वाटलं, तुमचं तोंड आलं असेल, खाताना त्रास नको. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सॉरी." एवढं म्हणेस्तोवर तिचे डोळे भरून आले.

सुमेधा मॅडमनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. कोळंबी शोधून खाल्ली. मग हसू लागल्या, आणि चांगल्या खळखळून हसल्या.

"अगं वेडे, मला डॉक्टरही लांब आयुष्य देत नाहीत. रिपोर्ट बघतात आणि म्हणतात, छान आहे, आता तीन महिन्यांनी या. आम्ही घरी येतो, पेढे वाटतो, पुन्हा तीन महिने. तुझ्या सासूबाईंनी अगदी माझ्या मापाचं मोडलंय."

आशुतोष सर उगाच चष्मा पुसत बसले. मॅडमनी रिकामी ताटली भाविकापुढे सरकवली.

"वाढ अजून. आणि त्यांना निरोप दे, तीन महिन्यांनी परत मोडायला बसा म्हणावं."