तळमजल्यावरचे कॉलिनबुवा

गायला उभे राहिले की कॉलिनबुवा सगळ्यात आधी बाहेर जायचं दार दाखवायचे. "ज्यांना भीती वाटते त्यांनी दाराजवळ बसा. मीही तिथेच बसलो असतो, पण मग गाणार कोण?" लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण पाच मिनिटांपूर्वी हा माणूस आत ओकून आलाय, हे मला ठाऊक असायचं.

शिकागोत, डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत ते आमच्या खाली राहायचे. मूळचे इंग्लंडचे, बसड्रायव्हरचा मुलगा, साठी उलटलेली. कलाकारांच्या व्हिसावर इथे राहून गाणी लिहायचे. चाल जुन्या लोकगीताची, हातात इलेक्ट्रिक गिटार आणि शब्द असे की ऐकणाऱ्याने आधी मागे वळून बघावं. गोदामात दिवसभर उभ्या असणाऱ्या बायकांना बसायला खुर्ची द्या, एवढंच मागणारं एक गाणं होतं. इमिग्रेशनवाले माणसं घरातून उचलून नेतात, त्यावर दुसरं. ते ऐकताना मी आमच्या खिडक्या लावून घ्यायची.

ओळख झाली ढोलकीमुळे. मंडळाच्या गणपतीसाठी मी प्रॅक्टिस करत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात हा उंच गोरा माणूस. झालं, म्हटलं, आता पोलिसांत कम्प्लेंट! तर म्हणतात कसे, "का थांबलीस? मी खाली गिटार जुळवून बसलोय!" तेव्हापासून मी त्यांना बुवा म्हणायला लागले. अर्थ सांगितला तर म्हणाले, "म्हणजे ज्याच्यामागे बाकीचे गातात तो? मग चालेल."

माझा नवरा सुहास आयटीत, आणि मी त्याच्या व्हिसावर. "गाणं ऐक, पण फोटोत येऊ नकोस," हे त्याचं रोजचं. मी तरी कुठली शूर? बुवांनी साथीला बोलावलं की मी स्वयंपाकाचं निमित्त काढायची. ते म्हणायचे, "घाबर की! फक्त तालात घाबर."

शेवटी एकदा त्यांच्या गाण्याला ढोलकी वाजवली. चर्चच्या तळघरातला हॉल, मी खांबाच्या आड. कुणीतरी व्हिडिओ टाकलाच मेल्याने. चेहरा नव्हता, पण हात आणि हिरव्या बांगड्या स्पष्ट दिसत होत्या. सुहास घरभर येरझारा घालत होता. "अगं, माझा जॉब, ईराची शाळा, सगळं एका व्हिडिओपायी घालवणार आहेस का यार?" आमची बारा वर्षांची ईरा म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट हँड्स." म्हणजे व्हिडिओ तिच्यापर्यंतही पोचला होता! मला जास्तच धडकी भरली.

पुढे बुवांची एकुलती एक बहीण तिकडे इंग्लंडमध्ये शेवटच्या आजारात पडली. गेले तर परत येऊ देतील का, कोणालाच सांगता येईना. मी हात जोडून म्हटलं, "बुवा, जाऊ नका." ते म्हणाले, "मग तिला काय सांगू? गाणी लिहिली म्हणून यायला घाबरतो?" आणि गेले.

बहिणीचे अंत्यसंस्कार उरकून ते परत येणार होते त्या दिवशी आम्ही एअरपोर्टवर आणायला गेलो. सगळं विमान बाहेर आलं, बुवा नाहीत. फोन बंद. सुहासचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यांच्यासारख्या गोऱ्याला अडवलं, तर आपलं काय? हत्ती बुडतो अन् शेळी ठाव मागते!"

दुसऱ्या दिवशी लंडनहून बुवांचा फोन आला. त्यांना शिकागोच्या एअरपोर्टवरूनच परत पाठवलं होतं. आवाज बसलेला. "फार सभ्य होते गं ते अधिकारी. माझाच व्हिडिओ मला दाखवला. ढोलकी कोण वाजवतंय, विचारत होते."

मी विचारलं, "मग?"

"ओळखत नाही म्हटलं. परत परत विचारलं. मीही परत परत तेच म्हटलं. तेवढं सांगितलं असतं तर कदाचित सोडलं असतं."

मला रडू आवरेना. "बुवा, अहो..."

"रडू नकोस. आता फोन ठेव. आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस."

म्हणून सांगते, कॉलिन हे त्यांचं खरं नाव नाही.