हद्दीवरचे पंचाहत्तर

माझा उजवा हात मनगटाच्या वर मोडला तो टिकावाच्या दांड्याने. मारणारा माझा धाकटा दीर. भांडण आवाजाचे होते.

अवसरी खुर्दजवळ आमच्या शेडमध्ये मका भरडायचे मशीन आहे. नवरा गेल्यापासून घर त्याच्यावरच चालते. जागा औद्योगिक वापराला मंजूर आहे, म्हणून दिवसा पंचाहत्तर डेसिबलपर्यंत आवाज चालतो; पण तो मोजायचा हद्दीवर. हद्दीपलीकडे दिराचा गोठा. आवाजाने म्हशी पान्हवत नाहीत, अशी त्याने तक्रार केली आणि प्रदूषण मंडळाचे साहेब मीटर घेऊन आले. आकडा जास्त भरला तर मशीनला सील.

"हद्द दाखवा," साहेब म्हणाले.

मी दगड दाखवला. दीर दगडाच्या चार हात अलीकडे, माझ्या शेडच्या भिंतीपाशी येऊन उभा राहिला. दर वर्षी नांगराने बांध कोरत तो तिथवर पोचला होता.

दगडापाशी बहात्तर भरले. दिराच्या पायाशी अठ्ठ्याहत्तर.

"हीच हद्द व्हती," दीर म्हणाला. "दगड वहिनींनी सरकावलाय."

"भावजी, दगड मामंजींनी पुरलाय. तेव्हा तुम्ही चड्डीत मुतत होता."

त्याने गोठ्यातून टिकाव आणला आणि दगडाच्या मुळाशी घाव घालायला लागला. मी दगडावर जाऊन बसले.

"उठा, न्हाईतर तुमच्यासकट उपटीन."

"उपटा."

त्याने टिकाव उलटा धरून दांडा हाणला. मशीन चालू असूनही हाड मोडलेले मला ऐकू आले. डाव्या हाताला एक धोंडा लागला, तो मी त्याच्या तोंडावर घातला. ओठ फाटला, पुढचा दात गेला. जावेने मागून केस धरून मला ढेकळांतून फरफटवले. मी तिच्या तळहाताला चावले आणि रक्त तोंडात येईपर्यंत सोडले नाही. शेवटी माझ्या हमालांनी आम्हाला वेगळे केले. साहेब जीपमध्ये काचा लावून बसले होते.

मंचरला प्लास्टर घातले. साहेबांनी निरोप धाडला: हद्द ठरवणे आमचे काम नाही, सरकारी मोजणी होईपर्यंत मशीन बंद ठेवा, नाहीतर दीर म्हणतो तिथे आकडा पंचाहत्तरच्या आत आणा. मोजणीला कधी माणूस येईल सांगता येत नव्हते, आणि गिऱ्हाईक तोवर थांबणार नव्हते. मी हमालांकडून मशीनचे बोल्ट काढून घेतले आणि मशीन शेडच्या दुसऱ्या टोकाला बसवले.

साहेब पुन्हा आले. दिराच्या जागेवर एकाहत्तर भरले. अहवालात त्यांनी लिहिले, 'हद्दीवर ७१', आणि शेजारी नकाशा काढला. त्यात हद्दीची रेघ माझ्या भिंतीला लागून होती.

"साहेब, ही हद्द नाही."

"मग मोजणीपर्यंत थांबा, बाई."

उजवा हात गळ्यात होता. डावा अंगठा शाईत बुडवून मी अहवालावर ठसा दिला. दिराने सुजलेल्या तोंडाने माझ्याआधी त्या कागदाची झेरॉक्स मागितली. मी आत जाऊन मशीन सुरू केले.