आईची बोट वेगळी, तात्यांची बोट वेगळी

आमच्या निमगाव केतकीच्या घरात एक दिवस बोटीवरून भांडण होईल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग दवाखान्यात नेलं असतं. आमच्याकडं भांडणं व्हायची ती पाण्याच्या पाळीवरून, नाहीतर म्हशीला वैरण कुणी टाकायची यावरून. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते झालं खरं, आणि त्याला जबाबदार माझी एलटीसी.

मी तेव्हा बारामतीत बँकेत क्लार्क होते. चार वर्षांतून एकदा बँक आपल्याला आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना फिरायला पैसे देते, आणि नाही फिरलात तर ते बुडतात. "बुडतात" हा शब्द ऐकल्यावर तात्या, म्हणजे माझे वडील, खाटेवरून उठून बसले. फुकट मिळणारं काही बुडू द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म.

"कुठं जायचं मग?" मी विचारलं.

तात्या तोंड उघडणार एवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "मला बोटीत बसायचंय."

आईनं काही मागितल्याची ही माझ्या आठवणीतली पहिली वेळ. भाकरी तव्यावर तशीच राहिली आणि करपली.

बारामतीच्या स्टँडजवळ एक ट्रॅव्हल एजंट होता. म्हणजे दुकान झेरॉक्सचं, बाजूला एसटीडीचं बूथ, आणि उरलेल्या जागेत अष्टविनायक यात्रा. "बोट" म्हटल्यावर त्यानं चष्मा पुसला. पण माणूस चिकाटीचा. पंधरा दिवसांनी त्यानं दोन माहितीपत्रकं मागवून माझ्यासमोर ठेवली. एक बोट मुंबईहून गोव्याला जाणारी, वेगवान, एसीची, विमानासारख्या खुर्च्या, सकाळी बसलं की दुपारी पणजी. दुसरी कोचीहून लक्षद्वीपला जाणारं जहाज. पाच दिवस, दिवसा बेटं बघायची, रात्री जहाजात झोपायचं, जेवणखाण त्यातच.

"तुम्ही बसलाय कशात?" मी विचारलं.

"मॅडम, मी फक्त नदीच्या संगमावरच्या होडीत," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तात्यांनी दोन्ही कागद डोळ्यांपासून लांब धरून बघितले आणि निकाल दिला. "गोवा. सात तासांत खेळ खलास. पाच दिस पान्यात काय माशावानी ऱ्हायचंय? आन ही तर हितनं इंदापूरला जायाचं म्हणलं तरी येष्टीत वकतीया."

ते खोटं नव्हतं. आई एसटीत लिंबू हुंगत बसायची आणि तरी व्हायचं ते व्हायचंच. पण आई म्हणाली, "मला झोपायची बोट पायजे."

आता हे झोपायचं प्रकरण सांगते. लग्नानंतर दहा-बारा वर्षं आई-तात्या दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. तिथल्या भाताच्या शेतांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, आणि पावसाआधी परत घाट चढायचा. पुढं कळप विकला, शेती धरली. तर त्या काळात एका खाडीच्या वरच्या अंगाला मुक्काम असताना आईनं संध्याकाळी दिवे लावून चाललेली आगबोट बघितली. तिनं तात्यांना विचारलं, "ह्यातली माणसं झोपत्यात कुठं?" तात्या म्हणाले, "झोपत्यात कुठली, बसून ऱ्हात्यात." आईचा त्यावर विश्वास बसला नाही. तीसेक वर्षं तिनं हा अविश्वास सांभाळून ठेवला होता.

आठ दिवस घरात दोन पक्ष होते. मी तिसरा, म्हणजे फॉर्म भरणारा. शेवटी तात्यांनी हुकमाचं पान टाकलं. "एवढी हौस हाय तर जा तुज्या बोटीनं. मी माज्या बोटीनं जातो."

"बरं," आई म्हणाली.

तात्यांना "बरं" अपेक्षित नव्हतं. पण शब्द तोंडातून गेलेला, आणि ऐकायला पिठाच्या गिरणीवाले बापूराव दारात उभे. तासाभरात गावाला कळलं. तात्यांना आता मागं फिरायची सोय उरली नाही. त्यांनी बँकेचे पैसेही नाकारले आणि बापूरावांनाच बरोबर घेऊन गोव्याची दोन तिकिटं काढली. म्हशी चुलतीच्या गोठ्यात गेल्या.

लक्षद्वीपला जायला परमिट लागायचं, आणि परमिटला पोलिसांचा दाखला. (जाणार असाल तर हे काम दोन महिने आधी सुरू करा. तेव्हाही वेळ लागायचा, आता काय नियम आहेत ते विचारून घ्या.) इंदापूरच्या ठाण्यात हवालदारांनी आमचा अर्ज दोनदा वाचला.

"मावशी, एवढ्या लांब कशाला?"

"बघाया."

"मालक न्हाईत बरूबर?"

"त्ये दुसऱ्या बोटीनं चाललेत."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. त्यांनी एक मोठा श्वास घेऊन शिक्का मारला.

जानेवारीअखेर निघालो. बारामतीहून पॅसेंजरनं दौंड, दौंडहून केरळची गाडी. दीड दिवस. स्लीपरचं आरक्षण केलं होतं, आणि आई पहिल्यांदा रेल्वेत झोपली. रुळांवर तिला काहीच झालं नाही. सगळा दोष एसटीचा होता, असा निष्कर्ष तिनं सोलापूरच्या आत काढला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एर्नाकुलमपर्यंत पुरली. पुढच्या प्रवाशांना माझा सल्ला: चटणी दुप्पट न्या. अर्धी आजूबाजूचे मागून खातात.

कोचीच्या बंदरात जहाज बघितल्यावर आई थांबली. पांढरंशुभ्र, आमच्या साखर कारखान्याच्या गोदामाएवढं लांब. तिनं वर बघितलं, डोक्यावरचा पदर सरळ केला आणि शिडी चढायला लागली. आमची केबिन चौघींची होती, दोन खाली दोन वर, चादरी स्वच्छ. आईनं खालचा बिछाना हातानं दाबून बघितला.

"झोपत्यात की!" ती म्हणाली. बास. तात्यांविरुद्धचा तीस वर्षांचा खटला तिथं निकाली निघाला.

दुपारी जहाज सुटलं, आणि अंधार पडल्यावर त्यानं आपलं खरं रूप दाखवलं. जमीन तिरकी व्हायला लागली. जेवणाच्या हॉलमध्ये वाट्या सरकत होत्या. पुण्याचं एक मंडळ वर गाण्याच्या भेंड्या खेळत होतं, ते "म" अक्षरावर एकदम गप्प झालं. आईला उलटी झाली. एकदा, नीट, ठरवून केल्यासारखी. मग तिनं तोंड धुतलं, लिंबू चाटलं आणि म्हणाली, "झालं. येष्टीपरास बरं हाय, हितं ड्रायव्हर वरडत न्हाय." आणि झोपली. मी मात्र बिछान्याची कड धरून तात्यांच्या सात तासांच्या बोटीचा पश्चात्तापानं विचार करत पडले.

पहाटे उठले तर आईचा बिछाना रिकामा. धडपडत वर गेले, तर ती डेकवर कठड्याला धरून उभी. उजाडत होतं आणि चारी बाजूंना पाण्याशिवाय काहीही नव्हतं.

"मंगल, हितं वाट कुठाय गं?"

"यंत्रावर दिसते म्हणे त्यांना."

ती बराच वेळ बघत राहिली. "आमाला डोंगर दिसायचा. न्हायतर देवळाचा कळस. हितं खूण धरायची म्हणलं तर कशाची धरायची?" मग हळूच म्हणाली, "ह्यांस्नी हे आवडलं नसतं. लई भ्यालं असतं." मी चमकून बघितलं. "पान्याला भीत्यात त्ये. घाटाखालच्या नदीत सख्खा भाऊ वाहून गेला त्यांचा, मेंढरं उतरवताना. मी लग्न हून आले त्याच्या आदल्या साली. बोलत न्हाईत, पर मला ठावं हाय. म्हनून तर सात तासांची बोट."

मला हे माहीतच नव्हतं. वडिलांबरोबर एका घरात राहून मला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं की त्यांना चहात साखर जास्त लागते.

"मग तू सोडून कशी आलीस?" मी विचारलं. माझ्या आवाजात जरा आरोप होता.

"मी न्हाय आले तर माजं बघायचं ऱ्हाईल," आई म्हणाली. "आन त्येंचं भ्या काय कमी हुनार हाय व्हय त्येनं?"

मी तिच्या शेजारी कठडा धरला आणि पाण्याकडं बघायला लागले.

पहिल्या बेटाला, कवरत्तीला, जहाज किनाऱ्याला लागत नाही. बेटाभोवती उथळ पाणी, त्यामुळं ते बाहेरच थांबतं, आणि जहाजाच्या पोटातल्या दारातून खालच्या लहान होडीत उतरायचं असतं. "उतरायचं" हा माहितीपत्रकातला शब्द. प्रत्यक्षात होडी लाटेबरोबर कधी पायाशी येते, कधी पुरुषभर खाली जाते, आणि ती वर येते त्या क्षणाला उडी मारायची. खाली दोन खलाशी हात पसरून उभे. (पायात पट्ट्याच्या चपला हव्यात, आणि सामान एका पिशवीत. पर्सवाल्यांचे हाल होतात.)

आमच्या पुढं नागपूरचे एक साहेब होते. त्यांनी नारिंगी जाकीट दोनदा आवळलं, देवाचं नाव घेतलं आणि बाजूला सरकून म्हणाले, "लेडीज फर्स्ट."

आई पुढं झाली. नऊवारीचा काष्टा घट्ट केला. खलाशी ओरडायला लागला, पण आई त्याच्याकडं बघतच नव्हती, ती लाटेकडं बघत होती. एक सोडली. दुसरी सोडली. "ही न्हवं... ही बी न्हवं..." आणि तिसरीला खलाशाच्या आधीच ती होडीत होती. त्याचे पसरलेले हात तसेच हवेत राहिले.

आता मी. माझे पाय लोखंडाला चिकटलेले. पदवीधर, बँकेत कायम नोकरी, आणि एक उडी मारता येईना. मागं रांग थांबलेली.

"मंगल, ये की!" खालून आई ओरडली. "मेंढरू बी आढेवेढे घेत न्हाय. एक गेलं की मागनं जातंय!"

मी डोळे मिटून गेले. नागपूरचे साहेब माझ्यानंतर दहा मिनिटांनी.

बेटाबद्दल सगळे लिहितात तेच: पाणी हिरवं-निळं, वाळू पांढरी, नारळ पावलोपावली. ते सगळं खरं आहे. काचेच्या तळाच्या होडीतून रंगीत मासे बघून आई म्हणाली, "एवढी नटल्यात, पर खाया लागत्यात का?" दुपारच्या जेवणात मासळीचं कालवण खोबऱ्यात पोहत होतं, त्यावर तिनं उरलेली चटणी घालून ते आपल्या चवीला आणलं. पण ती रमली ती गल्लीतल्या शेळ्यांत. एका म्हाताऱ्याच्या शेळीचा जबडा तिनं विचारल्याशिवाय उघडला, दात मोजले आणि दोन वर्षांची म्हणून दोन बोटं दाखवली. म्हातारा हसला, त्यानं मान डोलावली आणि आत जाऊन आणखी एक शेळी घेऊन आला. भाषा एका अक्षराची नाही, आणि तासभर दोघांचा पशुवैद्यकीय दवाखाना चालला.

पुढचे दोन दिवस आणखी दोन बेटं झाली. उड्या मारून मारून मीही सरावले. आईला खलाशांनी नाव विचारून घेतलं होतं, आणि होडी लागली की पहिली हाक तिलाच यायची.

परतीच्या वाटेवर मी मनात भाषण तयार केलं होतं, तात्यांना कसं सांगायचं, काय लपवायचं. घरी पोचलो तर तात्या ओसरीवर, गोव्याच्या उन्हानं नाकाचं सालडं निघालेलं.

"कशी हुती बोट?" आईनं विचारलं.

"झकास. गारेगार. टीव्ही सुदीक हुता."

बापूराव तिथंच बसले होते. "टीव्ही हुता, पर तात्यांच्या तोंडाला पिशवी हुती," ते म्हणाले. "अलिबागच्या म्होरं जी लावली, ती पणजीतच काढली. येताना मी म्हणलं बोटीनं चला, तर ह्ये म्हणलं येष्टीनं जाऊ."

मला हसू आलं. आईला आलं नाही.

"समुद्र बघितला का पर?" तिनं विचारलं.

तात्यांनी नाकाचं सालडं ओढलं. "त्याला डोळं उघडं लागत्यात," ते म्हणाले.

आई आत गेली आणि चहा घेऊन आली. साखर जास्त घातलेली.

लोक मला अजून विचारतात की जहाज निवडताना काय बघावं. केबिन मधल्या मजल्यावरची घ्या, कमी हलते. लिंबू न्या. घाईची बोट आणि निवांत बोट यात आपल्याला काय झेपतं ते खरं खरं सांगा, निदान स्वतःला. एवढंच मला कळतं. पण माझ्याजवळ राहिलं आहे ते वेगळंच, आणि ते महिनाभरानंतरचं.

रविवारच्या सुट्टीला घरी आले होते. शेजारगावचे एक पाहुणे येऊन बसले आणि म्हणाले, "तात्या, तुमी म्हणं जहाजातनं होडीत उड्या मारल्या? बाजारात समदी बोलत्यात."

माझा चमचा हवेत राहिला. तर आईची सगळी सहल तात्यांनी चहाच्या टपरीवर आपल्या नावावर चढवली होती.

तात्यांनी घसा साफ केला. "तितं काय असतंय, होडी वर आली की पहिल्याच लाटंला..."

"तिसऱ्या," आतून आई म्हणाली.

ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यात उभी राहिली. पाहुण्यांनी तिच्याकडं बघितलं, मग तात्यांकडं. तात्यांनी पायाच्या अंगठ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडण.

तात्या खाटेवर एका बाजूला सरकले. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात फिरवला.

"बस," ते म्हणाले. "तूच सांग."