गोडादऱ्यातलं तळमजल्याचं घर

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायचं होतं तिला तर नाहीच. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिता येतं तसं लिहितो — वेडंवाकडं असेल, खोटं नसेल. खोटं एकदा बोललो तेवढं पुरे झालं.

कोकिळा, माझी बायको, जाऊन सात महिने झाले. लोक म्हणतात, काका, तुम्ही तिचं फार केलं. मी मान हलवतो.

सुरतेला पांडेसऱ्यात, रंगाच्या मिलमध्ये जन्म गेला माझा. रिटायर झालो तेव्हा एक जुनी चारचाकी घेतली. गरज होती का? — नव्हती. धुळ्याकडे गावात, लग्नाकार्याला गाडीतून उतरावं आणि लोकांनी बघावं, एवढंच. त्याच वर्षी आमची नवागामची भाड्याची खोली मालकाने पाडायला काढली आणि आम्ही दुसरं घर शोधायला लागलो.

कोकिळेचे गुडघे तेव्हाच गेलेले. जिना दिसला की ती आधी कठडा बघायची. गोडादऱ्यात एक तळमजल्याचं घर मिळालं. दाराशी नळ, पुढे ओटा, दोन पावलांवर भाजीवाली. तिने उभ्या उभ्या ठरवून टाकलं, तुळस कुठे, माठ कुठे. पण गाडीला जागा नव्हती. घरमालक गुजराती, हसरा माणूस. मला म्हणाला, "काका, तमे बे जण आवो ने, गाडी गामडे राखो." म्हणजे तुम्ही दोघं या, गाडी गावी ठेवा.

दुसरं घर डिंडोलीत. चौथा माळा, लिफ्ट नाही. पण खाली पत्र्याखाली पार्किंग, खांबावर फ्लॅटचा नंबर रंगवलेला. त्या खांबाजवळ उभा राहिलो आणि — लाज वाटते सांगायला — मला मोठं झाल्यासारखं वाटलं.

तिला काय सांगणार होतो? गाडीसाठी तुला चार माळे चढवतो म्हणून? सुरतेत घर बघताना पहिला सवाल हाच — नॉनव्हेज खाता का? दोन ठिकाणी आम्हाला त्यावरून खरंच परत पाठवलं होतं. तेच तोंडात आलं. म्हणालो, "तळमजलावाला नाही म्हणतो. मटण चालत नाही त्याला."

त्या माणसाने खाण्याचा विषयसुद्धा काढला नव्हता.

मटणाची आवड तिला माझ्यापेक्षा जास्त. काळा मसाला गावाहून आणायची, दुसऱ्याच्या हातचा चालायचा नाही. ती म्हणाली, "माझ्या जिभेपायी गेलं म्हणा घर." आणि मी? — चहा पीत बसलो.

त्या दिवसापासून तिने घरात मटण शिजवणंच बंद केलं. पुढच्या वेळी घर बघायला गेलो तर खरं खरं 'नाही' म्हणता आलं पाहिजे म्हणून. मी बाहेर खाऊन यायचो. हो, खायचो.

सहा वर्षं. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायची. नंतर खाली उतरणंच सोडलं. मी रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसायचो आणि ती वरून, गॅलरीतून बघायची.

शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाला, बकऱ्याच्या पायाचं सूप द्या. मीच केलं. वास सुटला तशी अंथरुणातून म्हणाली, "अहो, खिडकी लावा. हे बी घर जाईल." लावली खिडकी. वाटी तोंडाशी नेली तर तिने माझा हात धरला. "माझ्यापायी तुम्हाला या वयात चार माळे चढावे लागता," म्हणाली. रडली.

तेव्हा बोलायचं होतं. घरात आम्ही दोघंच होतो. कोण अडवत होतं मला? मी म्हटलं, "पी, गार होतंय."

नाही प्यायली ती.

आठव्या दिवशी गेली. घर आपल्यामुळे गेलं, असं समजून गेली. ते मी घालवलं होतं.