गच्चीवरचे खांब

वेल्डिंगचा जळका वास आला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा जुना सेक्रेटरी आठवतो आणि तोंड कडू होतं. ऐंशीच्या दशकात त्याने गच्चीवर पत्र्याची शेड घातली, तिचे लोखंडी खांब थेट विटांच्या कठड्यावर बोल्टने बसवले. मी म्हटलं, "अहो, आधी कठड्यावर काँक्रीटचा पट्टा ओता, त्यात बोल्ट गाडा." "भिंत काय पळून जातेय?" तो हसला. उद्घाटनाला शेडखाली बायका हळदीकुंकवाला बसल्या होत्या. तोरण ताठ करायला सेक्रेटरीसाहेबांनी दोरीला हिसका दिला, तसा खांब बोल्टांना चिकटलेल्या विटांसकट कलला. बायका किंचाळत जिन्याकडे धावल्या. हा म्हणतो, "वारा होता ना!" झाडाचं पान हलत नव्हतं. शेड केव्हाच गेली. त्याच्या नावाची संगमरवरी पाटी मात्र जिन्यात अजून घट्ट आहे. तिच्यासाठी त्याने बरोबर काँक्रीटचा पिलर शोधला होता.