बावीस थेंबांचं पाणी

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट अशा गोष्टी पिकवणारा माणूस मी आहे. आमच्या रस्त्यावरच्या पिंपळाखाली दिसणारी बाई मीच गावभर फिरवली, तिला हिरवी साडीही मीच नेसवली... आणि आता लोक मलाच येऊन सांगतात की काल ती दिसली. तेव्हा माझं ऐकताना चार आणे कमी करूनच ऐका. फक्त खाली लिहिलंय त्यातला मोजमापाचा भाग तेवढा कमी करू नका. तो माझ्या धंद्याचा आहे, आणि धंद्यात मी थापा मारत नाही.

धंदा पाण्याचा. घरोघरी फिल्टर आणि सॉफ्टनर बसवायचे. सॉफ्टनर म्हणजे जड पाणी हलकं करणारं यंत्र. पाणी किती जड हे बघायला माझ्याकडे एक छोटी पेटी असते. नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषध टाकलं की ते लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतून थेंब थेंब सोडायचे – निळं होईपर्यंत. दोन-तीन थेंबांत निळं झालं तर पाणी गोड. दहाच्या वर गेलं तर साबण रुसतो.

मालवणहून कट्टा गावाकडे जाताना उजव्या हाताला एक नवी कॉलनी आहे. चार इमारती, सगळ्यांना मिळून एक बोअरवेल. तिथल्या पाण्याला बावीस थेंब लागतात. उन्हाळा असो, पाऊस असो – बावीस. अंघोळ करून आलेला माणूस पीठ लावल्यासारखा दिसतो, आणि चहावर अशी साय धरते की पाहुण्याला वाटावं म्हशीचं दूध आहे.

त्या कॉलनीत माझ्या थोरल्या भावाने, दादाने, फ्लॅट घेतला. चौतीस वर्षं मुंबईत नोकरी करताना त्याचं आणि वहिनीचं एकच ठरलेलं – रिटायर झालो की गावाकडे. वहिनीचं माहेर मसुऱ्याचं. दर मे महिन्यात परत जाताना ती माहेरच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन मुंबईला न्यायची. मांडीवर धरून न्यायची. मुंबईत पोचल्यावर पहिला चहा त्या पाण्याचा, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या वाटाण्यांचं सांबार. उरलेल्या पाण्याला कोणी हात लावलेला तिला खपत नसे.

फ्लॅटची चावी मिळायच्या दोन महिने आधी वहिनी गेली. मसुऱ्याची ती विहिरीची जमीन तिच्या भावांनी आधीच विकली होती, विहीर बुजवून कुणीतरी कंपाउंड घातलं होतं. दादा एकटाच आला, अकरा खोकी घेऊन. त्यांतली दोनच उघडली.

दर रविवारी तो वाटाणे शिजवायचा. रात्रभर भिजवून, आठ शिट्ट्या करून. जड पाण्यात काळा वाटाणा काही केल्या मऊ होत नाही, हे मी त्याला सांगून दमलो. एका रविवारी त्याने एक वाटाणा माझ्या ताटात टाकला. टण्ण वाजला.

"आयकलंस?" दादा म्हणाला. "आता माका सांग, ज्या पाण्यात वाटाणो शिजणा नाय, थंय माणूस कसो रवतलो? सुजाता बोलावता. डोंबिवलीक जातलंय."

सुजाता ही त्याची मुलगी. तिचं काही चुकत नव्हतं. पण पन्नाशीनंतर भाऊ पुन्हा हाकेच्या अंतरावर आला होता, आणि मला तो सोडवत नव्हता. म्हटलं, "थांब मेल्या. आधी माजां मशीन बघ."

नोव्हेंबरात मी स्वतः त्याच्या स्वयंपाकघराच्या नळाला सॉफ्टनर बसवला. बसवून झाल्यावर मला हुक्की आली. आमच्याकडे कुठलंही काम देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने खड्या आवाजात मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मी टॉवेल खांद्यावर टाकला, यंत्रासमोर हात जोडले आणि सुरू केलं –

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," दादा हसत म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा हसला.

"ह्या तुज्या लेकरान आज नळाक मशीन बसयल्यान हा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"तर मसुऱ्याच्या बायच्या विहिरीचा पाणी ह्या नळाक येवंदे, वाटाणे शिजांदेत, आणि ह्याचो डोंबिवलीचो रस्तो बंद होवंदे रे म्हाराजा."

ह्या वेळी 'व्हय म्हाराजा' जरा उशिराने आलं. नाटक झकास झालं. चहा पिऊन मी घरी गेलो.

पुढच्या रविवारी फोन. "ये, जेवूक ये." गेलो तर सांबार वाढलेलं. वाटाणा जिभेवर ठेवला आणि नुसता विरघळला. दादा जेवत नव्हता, वाटीकडे बघत होता. "हिच्या हातची चव इली रे," म्हणाला. "तुज्या मशीनीत कायतरी आसा."

मी काय केलं असेल? कॉलर ताठ केली. चार महिने मी ती स्तुती आणि ते सांबार, दोन्ही चापून खाल्लं. खोकी एकेक करून उघडली गेली. वहिनीची नारळ खवायची खवणी बाहेर आली, तिचे चहाचे कप बाहेर आले. डोंबिवलीचा विषय संपला.

मार्चमध्ये मी यंत्रात मीठ घालायला गेलो. सॉफ्टनरला मीठ लागतं, महिन्याला थोडं थोडं संपतं. गिऱ्हाइकांकडे मी वेळेवर जातो. भावाकडे जेवायला जातो, त्यामुळे राहून गेलं. टाकीचं झाकण उघडलं. मीठ काठोकाठ. एक खडाही कमी नाही.

मग बाजूच्या दांडीकडे लक्ष गेलं. दांडी आडवी असेल तर पाणी यंत्रातून जातं, उभी असेल तर यंत्राला वळसा घालून थेट नळाला – बायपास. बसवताना ती उभी ठेवायची आणि शेवटी आडवी करायची. शेवटी मी गाऱ्हाणं घालत होतो. दांडी उभीच होती. चार महिने एक थेंब माझ्या यंत्रातून गेला नव्हता.

पेटी काढली. बाथरूमचा नळ – बावीस थेंब. वरच्या मजल्यावर जाऊन शेजाऱ्यांचा नळ – बावीस. गच्चीवरची टाकी, जिथून हे सगळं पाणी येतं – बावीस. दादाच्या स्वयंपाकघरातला नळ – दोन. पुन्हा केलं. दोन. नवी बाटली फोडून केलं. दोन.

आणि मग मी ती गोष्ट केली जिचा मला आजही पश्चात्ताप होतो. हात सवयीने गेला आणि मी दांडी आडवी केली. एकोणीस वर्षं याच कामात असलेला कारागीर, चूक दिसली की दुरुस्त करतो. दादाला बोललो नाही. माझी लाज झाकली.

रविवारी जेवायला बसलो. वाटाणे शिजले होते. यंत्र चोख चालत होतं. दादाने दोन घास खाल्ले आणि वाटी सरकवली.

"शिजलेत," तो म्हणाला. "पण नुसते शिजलेत." मग म्हणाला, "सुजाताक फोन करूक व्हयो. हयसर आता काय रवलां नाय."

तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालील. तो उठून नळापाशी गेला आणि पाठमोराच म्हणाला,

"म्हणजे चार म्हयने मशीन न्हयता?"

"न्हयता."

"आणि मी तुका शाबासकी देय होतंय." तो वळला. डोळे भरलेले. "बाळा, आधी सांगलं असतंस तर मी तिच्याशी दोन शब्द बोललंय असतंय रे."

मी दांडी पुन्हा उभी केली. नळ सोडला, पाणी घेतलं, थेंब मोजले. बावीस.

"गेली," दादा म्हणाला. "तिका वाटलां आसतलां, हेंका मशीन गावलां, आता माजी गरज नाय. रागीट होतीच."

गाऱ्हाणं पुन्हा घातलं का, असं विचाराल. घातलं. ह्या वेळी मस्करी नव्हती, आणि दादाचं 'व्हय म्हाराजा'ही वेळेवर आलं. पाणी बावीसवरच राहिलं.

माझ्या ओळखीच्या एका रसायनशास्त्राच्या मास्तरांना मी सगळं सांगितलं. पाइपात काहीतरी साचलं असेल, म्हणाले. मी पाइप कापून नेऊन दाखवला. आत पांढरा चुना होता, इतर पाइपांत असतो तसाच. मग ते म्हणाले, तुमचं मोजायला चुकलं असेल. एका मापात चुकेन, मंडळी. पण चार महिन्यांचं सांबार चुकत नाही. याहून जास्त मला आजही काही सांगता येत नाही, आणि रंगवून सांगायची इच्छाही होत नाही.

दादा डोंबिवलीला गेला नाही. यंत्र मात्र काढायला लावलं. आता रोज सकाळी तो नळ सोडतो, कालची भाजी कशी झाली, सुजाताचा फोन आला की नाही, असं काहीबाही बोलत पेला भरतो आणि मला फोन करतो. मी जातो, मोजतो, बावीस म्हणतो. रविवारी आम्ही दोघं टणक वाटाणे चावत बसतो. त्याची कवळी आहे, तरी सोडत नाही.

गेल्या गुरुवारी एकवीस थेंबांतच निळं झालं.

मी त्याला सांगितलं, एका थेंबाचा फरक हाताचाही असू शकतो, त्यावर काही धरून बसू नकोस. त्याने पेला तोंडाला लावला, पाणी सावकाश प्यायला आणि खिडकीतून मसुऱ्याच्या दिशेने बघत म्हणाला, "निघाली आसतली."